विझला की यायचं

आमच्या कुसुमला मुलगी झाली, त्या वर्षाची ही गोष्ट आहे. कुसुम माझी लेक. बारसं माहेरी होतं, म्हणजे आमच्याच घरी, इचलकरंजीत. पाळण्याभोवती बायकांची दाटी झाली होती, बाळाची आत्या त्याच्या कानाशी वाकली होती, आणि तेवढ्यात दाराशी खुर्चीवर बसलेल्या अण्णांनी पाटीवर काहीतरी लिहून ती माझ्यापुढे धरली.

मी पाटीकडे बघितलं आणि मान हलवली. "होय, होय," म्हटलं.

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाटी मागे घेतली, लिहिलेल्याच्या खाली एक जाड रेघ ओढली आणि पुन्हा पुढे केली. मी पुन्हा मान हलवली.

त्यांची मुलगी सुकन्या पेढे वाटत होती. तिनं माझ्या खांद्यावरून डोकावून पाटी वाचली.

"आप्पा, पंखा बंद करा म्हणताहेत बाबा. बाळाच्या टाळूवर वारं येतंय. आणि तुम्ही नुसतं होय होय करालाय."

सगळे हसले. मी जाऊन पंखा बंद केला. अण्णा हसले नाहीत.

अण्णा माझे थोरले भाऊ, विरूपाक्ष. आमचा धंदा मागाचा. अंगणाच्या पलीकडे पत्र्याच्या खोलीत सहा यंत्रमाग, त्यालाच आम्ही कारखाना म्हणतो. अण्णा जॉबर होते, म्हणजे माग जुळवणारे आणि दुरुस्त करणारे. गावातल्या दुसऱ्या कारखान्यांतूनही त्यांना बोलावणं यायचं. मी माग चालवायचो. वडिलांनी घरातल्या एकालाच शाळेत घालायचं ठरवलं होतं. अण्णा सातवीपर्यंत शिकले, मी सुताच्या कांड्या भरायला बसलो. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आकडे कळायचे, सही गिरवता यायची. बाकी जे वाचायचं ते अण्णा वाचायचे आणि मी ऐकायचो.

मग अण्णांच्या घशात गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन झालं, आवाजाची पेटी काढून टाकली. गळ्याला एक भोक, श्वास त्यातून, वर पांढरं फडकं. नंतर किरणांचे शेक दिले, त्यानं हातापायांतला जोर गेला. बोलायचं असलं की पाटीवर लिहायचे. आणि ती पाटी वाचायला घरात कोण, तर मी आणि माझी बायको शालन. दोघांनाही अक्षर येत नव्हतं. वहिनींना येत होतं, पण त्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. सुकन्या सांगलीला पॉलिटेक्निकला होती, वसतिगृहात राहायची. शनिवारी यायची, रविवारी जायची. म्हणजे आमच्या घरात आठवड्यातून दोनच दिवस बोलणं व्हायचं.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की गळ्याच्या भोकात कफ अडकला तर माणूस लगेच जवळ पाहिजे. अण्णांची खोली अंगणाच्या अलीकडे. हाक मारता येत नाही, म्हणून त्यांच्या उशाशी ताटली आणि चमचा ठेवला होता. पण मागांची खडखड सुरू असली की अंगणात नगारा वाजवला तरी आत ऐकू येत नाही. त्यात माझे कान या आवाजात राहून निम्मे गेलेले. एके दुपारी अण्णा कॉट आणि भिंत यांच्यामध्ये घसरले. किती वेळ तसे पडले होते कोण जाणे. शालन जेवायला बोलवायला गेली तेव्हा ताटली त्यांच्या हाताखाली पालथी पडली होती, आणि अण्णा छताकडे बघत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं. कफ सुटला होता म्हणून वाचले.

सुकन्याला फोनवर हे सांगितलं. पुढच्या शनिवारी ती एक पिशवी घेऊन आली आणि अण्णांच्या कॉटवरच सगळा संसार मांडून बसली. तारा, चिकटपट्टी, बोटाएवढी एक हिरवी पट्टी, एक निळा डबा. जुन्या बाजारातून ट्रकचा पिवळा दिवाही आणला होता.

"ही पट्टी म्हणजे छोटा कॉम्प्युटर," ती म्हणाली. "बाबांनी या वाटीला नुसतं बोट लावलं की पट्टीला कळणार. पट्टी या निळ्या डब्याला सांगणार, डबा कारखान्यातला दिवा लावणार. बॅटरीवर आहे, लाईट गेली तरी चालेल."

वाटी वहिनींची होती, पितळी.

शालन दारात उभी राहून बघत होती. "एक बटण आणि एक वायर लावली असती तर झालं नसतं व्हय गं? कॉम्प्युटर कशाला?"

"काकी, बाबांच्या बोटात बटण दाबायचा जोर कुठं आहे? कालच हातातून ग्लास सुटला म्हणालीस ना?"

"सुटला. माझ्या पायावर सुटला," शालन म्हणाली.

अण्णांनी वाटीला बोट लावलं. पट्टीवरचा बारीक लाल ठिपका लगेच पेटला. मी कारखान्याच्या दारात उभा होतो. दिवा लागला नाही. पुन्हा बोट लावलं, तेव्हा दिवा फडफडला आणि गेला. निळा डबा पालीसारखा चुकचुकत होता. तिसऱ्या वेळी काहीच झालं नाही.

"बिघडला का गं?" मी विचारलं.

"बिघडलं काही नाही. पट्टी सांगतेय, पण डब्याला ऐकू येत नाही." तिनं पट्टीच्या कडेचे तारेचे बारीक पाय मला दाखवले. "या पायातून तीन व्होल्टच्या थोडं वर निघतं. डब्याला पाच लागतात."

"तीन आणि पाच. त्यात असा काय मोठा फरक?"

"असतो आप्पा. तुम्ही आत माग चालवत असता आणि काकी दारातून हळू हाक मारते. येते का ऐकू?"

"तुझी काकी हळू मारतच नाही."

"बघ आता," शालन म्हणाली.

"कधी ऐकू येते, कधी नाही, तसंच या डब्याचं झालंय."

"मग पट्टीलाच सांग की मोठ्यानं बोलायला."

"तिच्यात तेवढा दम नाही. जबरदस्ती केली तर जळून जाईल. मध्ये कुणीतरी ठेवावं लागतं. तिचं हळू बोलणं ऐकणारं, आणि पुढच्याला मोठ्यानं सांगणारं." तिनं पिशवीतून तुरीच्या डाळीएवढा काळा तुकडा काढला. त्याला तीन तारा होत्या. "हा ट्रान्झिस्टर."

"म्हणजे जोर याच्यात आहे."

"याच्यातही नाही. जोर त्या पाच व्होल्टचाच. हा नुसता दारावर बसलाय. पट्टीनं हळूच ढकललं की दार उघडतो, सोडलं की बंद करतो."

"होय, होय," मी म्हटलं.

"आप्पा, नसेल कळलं तर नाही म्हणा."

"नाही कळलं."

"मलाही पहिल्यांदा कळलं नव्हतं," ती म्हणाली आणि तारा डागायची झारणी तापवायला घेतली.

अण्णा तिच्या हातांकडे बघत होते. माग खोलून बसायचे तेव्हा त्यांच्या तोंडावर जे यायचं तेच तेव्हा आलं होतं. मध्येच त्यांनी पाटी घेतली, काहीतरी लिहिलं. सुकन्यानं वाचलं, हसली आणि एक तार उपटून दुसरीकडे लावली. काय लिहिलं होतं ते मी विचारलं नाही. ती दोघं बोलत होती, मध्ये कशाला पडा.

जोडणी झाली. मी कारखान्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. दिवा आधीच लागलेला होता, छान पिवळा, स्थिर.

"लागला," मी ओरडलो.

"अजून बोट लावलंच नाही," आतून सुकन्या म्हणाली. "आता लावताहेत. बघा."

दिवा विझला.

"गेला," मी म्हटलं.

तिनं कपाळाला हात लावला. "उलटं झालं. एकच ट्रान्झिस्टर टाकला की असंच होतं. दार उघडलं की ते पाच व्होल्ट डब्याकडे न जाता खालीच निघून जातात. काही नाही, प्रोग्रॅममधली एक ओळ फिरवली की सरळ होईल."

"फिरव गं बाई," शालन म्हणाली. "आजारी माणसानं बोलावलं की दिवा जायचा? असलं घरात नको. देवापुढचा दिवा विझला असंसुद्धा आपण म्हणत नाही, शांत झाला म्हणतो. आधी सुलटं कर ते."

सुकन्यानं लॅपटॉप उघडला, तेव्हा अण्णांनी तिचा हात धरला. मान हलवून नको म्हणाले. मग माझ्या खांद्यावरचा एक धागा उचलला. मागावर काम करणाऱ्याच्या अंगावर धागा नेहमी असतोच. दोन्ही हातांत धरून त्यांनी तो ताणला, तोडला, आणि दोन तुकडे आम्हाला दाखवले. मग पंजा उभा केला. थांबलं, संपलं, असा.

नंतर पाटीवर लिहिलं. सुकन्यानं वाचलं, "असंच राहू दे."

तिनं त्या तुकड्यांकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि लॅपटॉप मिटला. "बरं. असंच राहू दे. आप्पा, लक्षात ठेवा, दिवा जळतोय तोवर सगळं ठीक. विझला की यायचं."

मी होय म्हटलं. पण माझं लक्ष त्या तुटलेल्या धाग्याकडे होतं. माणसाचा धागा तुटतो म्हणजे काय, हे कोष्ट्याच्या घरात कुणी समजावून सांगावं लागत नाही. मला वाटलं, अण्णा त्यांचं सांगताहेत. शालननंही तेच धरलं. सुकन्या रविवारी गेल्यावर ती मला चुलीजवळ हळू म्हणाली, "भावजींनी मनातून सोडलंय हो."

पहिले दिवस बरे गेले. दिवा विझायचा, मी हात पुसत अंगण ओलांडून जायचो. कधी पाणी, कधी उशी, कधी कफ काढायचा. एकदा नुसतं खिडकीचं दार लावायचं होतं. बोट काढलं की दिवा परत लागायचा. कुणी जवळ नसतानाही कुणीतरी आहे, असा त्या दिव्याचा आधार वाटायला लागला. शालन मात्र त्याच्याकडे बघायचं टाळायची. विझला की मान खाली घालून म्हणायची, "जावा."

मग काहीतरी वेगळंच सुरू झालं.

दिवा विझला, मी गेलो. पाणी पुढे केलं, तर अण्णांनी हात हलवला, ते नको. उशी? नको. कफ? नको. त्यांनी उजव्या हाताची चार बोटं दाखवली. मग कारखान्याकडे बोट केलं.

"जाऊ म्हणता? मग बोलावलं कशाला?"

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. पुन्हा चार बोटं दाखवली. मग एका हाताची मूठ दुसऱ्या तळव्यावर आपटली. अंगात जोर नसल्यामुळे आवाज आला नाही.

"चारचा चहा? अजून वेळ आहे अण्णा. शालनला सांगतो."

त्यांनी पाटी घेतली आणि भराभर लिहिलं. मी पाटी हातात घेतली. तीन ओळी होत्या. अक्षरं बघितली की मला नेहमी फणीतून निसटलेल्या धाग्यांचा गुंता दिसायचा, तसंच दिसलं.

"होय, होय," मी म्हटलं. "करतो."

अण्णांनी पाटी माझ्या हातून ओढून घेतली आणि तळहातानं पुसून टाकली.

संध्याकाळी शालनला सांगितलं. चार बोटं म्हटल्यावर ती बसलीच.

"चार म्हणजे खांदेकरी," ती म्हणाली. "दुसरं काय असणार?"

"मग कारखान्याकडे बोट कशाला दाखवतील?"

"कारखान्यावरनंच न्या म्हणत असतील. सगळा जन्म तिथं गेला त्यांचा."

मला ते खरं वाटलं. खरं वाटलं म्हणूनच पाटी घेऊन मी शेजारी वाचून घ्यायला गेलो नाही. शेजारच्या भालचंद्रनं वाचून सांगितलं असतं, पण ते दुसऱ्याच्या तोंडून मला ऐकायचं नव्हतं. सुकन्याला फोन केला, तर ती म्हणाली, "बाबांना लिहायला सांगा आणि पाटी तशीच ठेवा, शनिवारी वाचते." अण्णा ठेवू देतील तर ना. मी मान हलवली की ते पुसून टाकायचे.

दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा विझला. या वेळी त्यांनी मला कॉटवर बसवलं आणि कॉटच्या कडेवर बोटानं ठोके दिले. टक, टक. टक, टक. मग टक, आणि जरा थांबून टक. माझ्याकडे बघितलं. पुन्हा तेच. टक, आणि थांबून टक.

मी त्यांच्या छातीवर हात ठेवला. "चुकतोय का ठोका? डॉक्टरकडे जायचं?"

अण्णांनी माझा हात छातीवरून काढला आणि माझ्याच छातीवर ठेवला. मग भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी अंगणात येऊन उभा राहिलो. माझ्या छातीचं काय? मला काही होत नव्हतं. आत माग खडखडत होते, वर दिवा परत लागला होता. सगळं ठीक, असं तो सांगत होता. मला तर काहीच ठीक वाटत नव्हतं. बोलतोय तो समोर आहे, ऐकणारा समोर आहे, आणि मध्ये काही पोचत नाही. त्या निळ्या डब्यासारखं माझं झालं होतं. नुसतं चुकचुकायचं.

शालनही गोंधळली होती. तिनं चौंडेश्वरीला नवस बोलला, तो कशाबद्दल बोलायचा ते तिलाही ठरवता आलं नाही. "त्यांना काय पाहिजे ते त्यांना मिळू दे, असं मी म्हणाले," तिनं मला सांगितलं.

शनिवार आला. सुकन्या दुपारच्या एसटीनं यायची होती. मी खिडकीच्या मागावर उभा होतो. मागांना आमच्यात नावं होती, दाराचा, भिंतीचा, खिडकीचा, मामांचा. मामांचा म्हणजे मामांनी विकताना आम्ही घेतलेला. बाकीचे आपापले चालत होते, खिडकीच्या मागाचा धागा सारखा तुटत होता म्हणून मी त्याच्यापुढेच होतो. पाठीशी खिडकी, उन्हाची तिरीप मागावर.

दिवा विझला.

मी कांडी बदलत होतो. मनात आलं, आता पुन्हा ती बोटं, पुन्हा ती पाटी. सुकन्या येईलच. कांडी धोट्यात बसवली, धोटा जागेवर ठेवला, माग सुरू केला. धोटा इकडून तिकडे जायला लागला. वर बघितलं. दिवा विझलेलाच होता.

एरवी अण्णा बोट लावायचे आणि काढायचे. दिवा डोळा मिचकावल्यासारखा जायचा, यायचा. आज तो लागेचना. मला कफ आठवला, पालथी ताटली आठवली. एवढा वेळ माग चालू ठेवून जाऊ नये हे न कळण्याइतका मी नवा नव्हतो, पण तसाच धावलो.

अण्णा कॉटवर बसलेले होते. बोट वाटीत. दाबून धरल्यामुळे नख पांढरं पडलेलं. श्वास चालू होता, फडकं हलत होतं. मी वाकून गळा बघितला. मोकळा होता.

"काय झालं अण्णा?"

त्यांनी दुसऱ्या हातानं माझी बाही धरली. मी सोडवायला गेलो, तर सोडेनात. ज्या हातातून पाण्याचा ग्लास सुटायचा, त्या हातानं त्यांनी माझी बाही अशी धरली होती की शिवण उसवली. माझ्याकडे बघतही नव्हते. मान एका बाजूला करून ऐकत होते.

"माग चालू आहे अण्णा, जाऊ दे मला."

त्यांनी मान हलवली. नाही.

"अहो, कापड खराब होईल."

पुन्हा नाही.

मी उभा राहिलो. काय ऐकताहेत म्हणून मीही ऐकायला लागलो. मला ती नेहमीचीच खडखड ऐकू येत होती, सहा मागांची मिळून एक. तिच्यात वेगळं काही असलं तरी ते माझ्या कानांच्या पलीकडचं होतं.

मग एक फटका ऐकू आला. माझ्या निम्म्या कानांनाही आला. त्याच्यामागून काच फुटल्याचा आवाज, आणि त्या खडखडीतून काहीतरी कमी झालं.

अण्णांनी माझी बाही सोडली. वाटीतलं बोट काढलं.

मी कारखान्यात गेलो. शालन कांड्या भरायच्या चात्याजवळ उभी होती, तोंडावर पदर धरून. खिडकीचा माग आपोआप थांबला होता. धोटा त्यात नव्हता. तो मागातून उडून खिडकीची काच फोडून बाहेर गेला होता आणि अंगणात पडला होता. लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंडी टोपण, वीतभराहून मोठा. काचेतलं भोक माझ्या छातीच्या उंचीवर होतं. मी जिथं उभा असतो, बरोबर त्याच्या मागे.

वरचा पिवळा दिवा परत लागलेला होता.

शालन धोट्याजवळ जाऊन उभी राहिली, पण तिनं तो उचलला नाही. "तुम्ही इथं उभा होता," ती म्हणाली आणि खाली बसली.

सुकन्या आली तेव्हा आम्ही दोघं अण्णांच्या खोलीत होतो. धोटा कॉटवर होता. तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, चार बोटं, मूठ, कॉटवरचे ठोके.

"आप्पा, चार नंबरचा माग कुठला?"

"तसले नंबर आम्ही म्हणत नाही. नंबर जॉबरचे. मागावर रंगानं घातले होते, तेलानं गेले कधीच."

"बाबांच्या हिशेबानं चार कुठला?"

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी धोट्यावर हात ठेवला.

टक, टक म्हणजे धोटा या पेटीतून त्या पेटीत गेल्याचा आवाज. टक, आणि जरा थांबून टक म्हणजे धोटा उशिरा पोचतोय. उशिरा पोचायला लागला की एक दिवस तो पोचायच्या जागी न जाता बाहेर पडतो. हे मला माहीत होतं. माग चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. अण्णांना ते अंगणापलीकडून, कॉटवर पडून ऐकू येत होतं, आणि ते मलाच बोलावत होते.

"आणि तो धागा तोडला होता ते?" मी विचारलं. "तो कशाचा?"

सुकन्या माझ्याकडे वळली. "कुठला? दिव्याच्या वेळचा? आप्पा, मला वाटलं तुम्हाला तो कळलाच. बाण्याचा आडवा धागा तुटला की माग काय करतो?"

"थांबतो."

"तुटलेला धागा ओरडून सांगतो का? नाही. तो नाहीसा झाला की मागाला कळतं. तसंच हे. दिवा बोलावल्यावर लागणारा केला असता, आणि एखाद्या दिवशी वायर तुटली असती, बॅटरी संपली असती, तर तो लागलाच नसता. तुम्ही सगळं ठीक समजून आत बसला असता. आता काहीही तुटलं तरी दिवा विझणार, तुम्ही बघायला येणार. म्हणून असंच राहू दे म्हणाले."

शालननं डोळ्याला पदर लावला. "आणि मी खांदेकरी काढून बसले," ती म्हणाली.

अण्णांच्या छातीतून खरखर आवाज आला. मी घाबरून कफाची नळी घ्यायला उठलो. सुकन्यानं मला बसवलं.

"हसताहेत," ती म्हणाली.

रविवारी अण्णांनी लिहिलं आणि सुकन्यानं वाचलं, त्याप्रमाणे मी खिडकीचा माग खोलला आणि धोट्याला फटका मारणारी काठी बदलली, अण्णा मूठ आपटून दाखवत होते तीच. तिची खालची बाजू चिरली होती. दिसत नव्हती, बोट फिरवलं तेव्हा लागली.

सोमवारी सुकन्या नव्हती. दुपारी दिवा विझला. मी गेलो. अण्णांच्या मांडीवर पाटी होती. तिच्यावर एकच अक्षर होतं, मोठं, पाटीभर. त्यांनी धोटा उचलून माझ्यापुढे धरला आणि त्या अक्षरावर बोट ठेवलं.

मला काही कळेना. "धोटा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या ओठांकडे बोट केलं. पुन्हा म्हण.

"धोटा."

बोट वर केलं, थांब. पहिलंच म्हण.

"ध," मी म्हटलं.

त्यांनी अक्षरावर टिचकी मारली. मग ते पुसलं, दुसरं काढलं आणि कारखान्याकडे हात केला. मी बराच वेळ त्या अक्षराकडे बघितलं. "कारखाना" म्हटलं, नाही म्हणाले. "पत्रा" म्हटलं, नाही म्हणाले. शेवटी मूठ तळव्यावर आपटली, तेव्हा मी म्हटलं, "माग." त्यांनी डोळे मिटून उघडले.

"म," मी म्हटलं.

असं आमचं सुरू झालं. त्यांना अक्षराचा आवाज काढून दाखवता येत नव्हता, मला आवाज माहीत होता पण अक्षर माहीत नव्हतं. ते काढायचे, वस्तू दाखवायचे, मी आवाज शोधायचा. चुकलो की कपाळाला हात. कांडीचा क, फणीचा फ, शालनचा श. ळ साठी वस्तू सापडेना, तर त्यांनी खिडकीतून मागच्या परड्याकडे बोट दाखवलं आणि मी केळीच्या घडाला फळ म्हणेपर्यंत हात खाली केला नाही. दिवाळीपर्यंत मला जोडाक्षरं सोडून पाटी वाचता यायला लागली. पहिली अख्खी ओळ वाचली ती मला आठवते. "चहात साखर कमी आहे, शालनला सांगू नको." मी मोठ्यानं वाचल्यामुळे शालनला ती ऐकू गेली.

त्यानंतर अण्णा माझ्याशी भरपूर बोलले. पूर्वी आवाज होता तेव्हा इतके बोलत नव्हते. वडिलांबद्दल लिहायचे, वहिनींबद्दल लिहायचे, कुठल्या कारखान्यात कुणाचा माग कसा जुळवला ते लिहायचे. एकदा लिहिलं, शाळेत मला घातलं, तुला नाही, ते बरोबर नव्हतं. मी खाली लिहिलं, "राहू दे." माझं अक्षर वाकडं आलं होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

सुकन्याचं शिक्षण संपत आलं होतं. ती एकदा म्हणाली, आता दुसरा ट्रान्झिस्टर टाकून दिवा सरळ करते, काकीचं मन तरी शांत होईल. शालनच म्हणाली, "आहे तसाच असू दे गं. सवय झाली."

माघात थंडी थोडी कमी झाली होती. त्या दिवशी मी खिडकीच्या मागावर होतो. दुपारी एकदाही दिवा विझला नाही. मी मध्येमध्ये वर बघत होतो. पिवळा, स्थिर. अण्णांना झोप लागली असेल, असं मनात म्हटलं आणि कांडी बदलली. शालन चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेली. मग ती अंगणातून माझ्याकडे येताना दिसली, हातात तो भरलेला कप तसाच. मी वर बघितलं. दिवा जळत होता.

वाटी त्यांच्या हाताजवळ होती. बोट वाटीला लागलेलं नव्हतं.

माझे थोरले भाऊ विरूपाक्ष माघ शुद्ध नवमीला, मंगळवारी, दुपारी झोपेत गेले. कुसुमची मुलगी तेव्हा वर्षाचीही झाली नव्हती.